मामांना घोणस चावली तेव्हा

सोयाबीन काढताना मामांच्या अंगठ्याजवळ घोणस चावली. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार सगळ्यांनी ऐकला. पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळीही दिसल्या. म्हणजे शंकेला जागा नव्हती.

एकजण टॉवेलने दंड आवळायला निघाला, दुसरा ब्लेड शोधायला लागला. मामीने दोघांनाही हाकललं. सूज चढायच्या आत मामांच्या बोटातली अंगठी काढली, हात फळीला सैल बांधून गळ्यात अडकवला, त्यांना उचलूनच जीपमध्ये बसवलं आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठलं. वाटेतच हात मनगटापर्यंत सुजला. थुंकले तर थुंकीत रक्त!

डॉक्टरांनी आधी पापण्या पाहिल्या. नाग किंवा मण्यार असती तर त्या मिटायला लागल्या असत्या. मण्यार तर रात्री झोपेत चावते, फारसं दुखतही नाही आणि सकाळी माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो. घोणशीचं विष रक्तावर जातं, ते गोठू देत नाही. त्यासाठी जी तपासणी झाली तिला यंत्र लागत नाही: काचेच्या कोरड्या, नव्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी एकदा तिरपी करायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही, कारण तीत चांगलं रक्तही गोठत नाही. सिस्टरने नळी टेबलावर ठेवली आणि मला बजावलं, "हात लावायचा नाही." वेळ झाल्यावर तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं.

तेवढ्यात कळलं, मामांचा पुतण्या साप मारून आणायला शेतात गेलाय. डॉक्टर वैतागले, "फोन करून आधी परत बोलवा त्याला. नाहीतर अजून एक पेशंट यायचा." सापाच्या विषावर इथली लस तशीही एकच असते आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेली. दहा कुप्या सलाईनमधून सोडल्या. थोड्याच वेळात मामांच्या पाठीवर गांधी उठल्या, हुडहुडी भरली. अशा रिॲक्शनवर देतात त्या ॲड्रेनालिनची सिरिंज उशाशी तयारच होती. सलाईन थांबवलं, इंजेक्शन दिलं, अंग शांत झाल्यावर पुन्हा हळूहळू सुरू केलं.

सहा तासांनी परत नळी. रक्त अजून पातळच, म्हणून आणखी कुप्या. त्याच्या पुढच्या नळीत मात्र गोळा झाला. तरी सिस्टरचं लक्ष लघवीच्या पिशवीवर होतं, कारण घोणस किडनीही धरते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, थोडं वाढून उतरलं, डायलिसिसची वेळ आली नाही.

"आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, सांधे दुखले तर परत या," असं सिस्टरने कागदावर लिहून दिलं होतं. तसंच झालं. मामी म्हणाली, विष पुन्हा चढलं. ते लसीमुळे होतं, गोळ्यांनी गेलं.