डेन्व्हर: क्षयरोग्यांच्या दोन ज्यू संस्था आणि एक टेकडी

डेन्व्हरला मुलांकडे येणारी आपली मंडळी बहुधा थेट रॉकी माउंटन नॅशनल पार्क गाठतात. त्यांनी एक दिवस शहरातल्या कोलफॅक्स अॅव्हेन्यूसाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. या एकाच रस्त्याच्या पूर्व आणि पश्चिम अंगाला, क्षयरोग्यांवर फुकट उपचार करण्यासाठी ज्यू समाजाने उभारलेल्या दोन संस्था आहेत. सुरुवात पूर्वेकडून करा. पहिली पाहिली की दुसरी का काढावी लागली ते समजतं.

पहिली म्हणजे नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल. फ्रान्सिस वाइझबार्ट जेकब्स या बाईंनी त्याचा ध्यास घेतला होता. त्या 1892 मध्ये वारल्या. इमारत उभी राहिली, पण 1893 मध्ये चांदीचा बाजार कोसळला, पैसा आटला आणि दाराला कुलूप लागलं. ते उघडलं थेट डिसेंबर 1899 मध्ये. नियम असा, की ज्याला पैसे परवडतात त्याला प्रवेश नाही आणि ज्याला प्रवेश मिळाला त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. आज तिथे श्वसनविकारांचं नावाजलेलं इस्पितळ जोरात चालू आहे. त्यामुळे बाहेरून पाहा, रुग्णांचे फोटो काढू नका आणि पुढे निघा.

या उदार नियमाला एक मर्यादा होती. सुरुवातीच्या काळात तिथे फक्त आजाराच्या पहिल्या पायरीवरचे रुग्ण घेत, तेही सहा महिन्यांसाठी. स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणारं, नव्हतं. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 मध्ये. तोवर कोरडी हवा, ऊन, विश्रांती आणि भरपूर दूध-अंडी हाच इलाज. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवर, म्हणून पूर्वेकडच्या शहरांतल्या शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत छाती पोखरली गेलेले कामगार रेल्वेने इकडे येत. आजार बळावलेल्यांनी जायचं कुठे?

त्याचं उत्तर पश्चिमेला, लेकवूडमध्ये आहे. सिगारी वळणारे, पत्रेकाम करणारे, रंगारी असे पूर्व युरोपातून आलेले कष्टकरी एकत्र जमले. त्यांतले बरेच स्वतःच क्षयाने आजारी. पहिली वर्गणी जमली एक डॉलर दहा सेंट! त्यातून 1904 मध्ये ज्यूइश कन्झम्प्टिव्हज् रिलीफ सोसायटी, म्हणजे जेसीआरएस, उभी राहिली. आजार कुठल्याही पायरीवर असो, इथे दार बंद नव्हतं. सुरुवातीला रुग्ण लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या तंबूंत राहत. जेवण पहिल्यापासून कोशर होतं. पुढे इथे स्वतःचा गोठा, कुक्कुटपालन, छापखाना आणि ‘स्पिव्हाक’ नावाचं टपाल कार्यालयसुद्धा झालं.

डॉ. चार्ल्स स्पिव्हाक हे या संस्थेचे प्राण. मूळचे युक्रेनचे. बायकोच्या प्रकृतीसाठी 1896 मध्ये ते डेन्व्हरला आले. इथेच कवी येहोआश यांच्याबरोबर त्यांनी यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या हिब्रू-आरामी शब्दांचा कोश केला. तो 1911 मध्ये निघाला. 1927 मध्ये ते गेले, तेव्हा आपलं शरीर विच्छेदनासाठी द्यावं आणि सांगाडा जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाला पाठवावा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. रुग्णांसाठी इतकं करूनही या माणसाला आपल्याकडे अजून देण्यासारखं काही उरलंय असं वाटत होतं. मला हे वाचून फार भरून आलं.

तिथे जाण्यासाठी युनियन स्टेशनवरून डब्ल्यू लाइनची रेल्वे घ्या आणि लमार स्टेशनला उतरा. तिथून पिअर्स स्ट्रीटपर्यंत पंधराएक मिनिटं चालावं लागतं. क्षय औषधांनी बरा होऊ लागल्यावर 1954 मध्ये ही संस्था कर्करोगाकडे वळली आणि 2003 मध्ये हा परिसर एका कला महाविद्यालयाकडे गेला. जागा खाजगी आहे, त्यामुळे आत फिरता येईल का हे आधी कळवून विचारा, विशेषतः आयझॅक सॉलोमन सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आतून पाहायचं असेल तर. इमारतींची नावं वाचत चला: टेक्सास, न्यूयॉर्क, ट्राय-बरो. कुठल्या कुठल्या गावांतून पैसा आला ते त्यांतूनच दिसतं. शेजारच्या शॉपिंग सेंटरचं नावही पूर्वी जेसीआरएसच होतं; एकेकाळी ती जमीनही संस्थेचीच होती.

इथून पाचेक किलोमीटर पश्चिमेला गोल्डन हिल दफनभूमी आहे. ती टाळू नका. जेसीआरएसमध्ये दगावलेल्या गरीब रुग्णांना तिथल्या टेकडीच्या भागात पुरलं आहे. घरचे हजारो किलोमीटर दूर, मूठमातीला येणं बहुतेकांना परवडणारं नव्हतं. उतारावर नीट पकड घेणारे बूट हवेत. शनिवारी आणि ज्यू सणांना जाऊ नका, पुरुषांनी डोकं झाकावं. फुलांऐवजी थडग्यावर छोटासा खडा ठेवायची त्यांची रीत आहे. आपणही ठेवला तर चालतो.

पाण्याची बाटली जवळ असू द्या. या उंचीवर घसा पटकन कोरडा पडतो आणि ऊन चांगलंच भाजतं. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, म्हणून टेकडी सकाळीच उरका. मग मात्र क्रम उलटा होईल, तरी हरकत नाही. वेळ उरला तर ऑरेरिया कॅम्पसवर पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मायर यांचं घर आहे. क्षयाच्या उपचारासाठी डेन्व्हरला आलेल्या थोरल्या बहिणीकडे त्या 1913 मध्ये राहायला आल्या होत्या. आणि ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांच्यासाठी जेसीआरएसच्या रुग्णांच्या नोंदी डेन्व्हर विद्यापीठाच्या बेक अर्काइव्हज्‌मध्ये आहेत. मात्र तिथे वेळ ठरवूनच जा.