पाणी कुठवर आलं?

२०१६ च्या गोदावरीच्या पुरात नाशिकच्या पंचवटीतलं आमचं दुकान भिजलं, तेव्हापासून पाऊस वाढला आणि कोणी 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं' म्हटलं (नदीतल्या या मूर्तीवरून आमच्याकडे पुराची पातळी ओळखतात) की माझे खांदे थेट कानाला भिडतात. शेजारच्या काकूंनी ओढतच एका ग्रुपमध्ये नेलं, अंगात बसलेली अशी भीती श्वास आणि हालचालींनी हलकी करणाऱ्या. बोलायची सक्ती नाही, हे बेस्ट. सतरंजीवर बसायचं, तळवे जमिनीला टेकवायचे, श्वास घेतो त्यापेक्षा सावकाश सोडायचा, त्याने व्हेगस नर्व्हमार्फत, म्हणजे मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूमार्फत, हृदयाचे ठोके मंदावतात म्हणे, आणि मग भिजलेल्या मांजरासारखं अंग झटकायचं (पहिल्यांदा हसूच आलं मला). परवा एक आजी झटकता झटकता रडायलाच लागल्या. कोणी काही विचारलं नाही. मी नुसती पाठीला पाठ लावून बसले, त्यांचा श्वास माझ्या पाठीला कळत होता, बाहेर पाऊस धो धो.