तिथी बघून निघणाऱ्या सायकली

माझे वडील, आमचे अण्णा, १९९१ पासून बेलापूर गावात सायकलचं दुकान चालवत होते. दहा सायकली भाड्याने, तासाला दोन रुपये. बाकी पंक्चर, ओव्हरऑयलिंग आणि चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं. गावात मोटारसायकली वाढल्या तशी भाड्याची वही बारीक होत गेली आणि २००८ साली शेवटची भाड्याची सायकल अण्णांनी विकून टाकली. मी तेव्हा तळोज्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. दुकान बंद झालं नाही इतकंच.

२०१७ मध्ये एक गिऱ्हाईक ग्रॅव्हल सायकल दुरुस्तीला घेऊन आलं. हँडल रेसिंगच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर ४० मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक आणि चढाला पुरतील असे हलके गिअर. अण्णांनी नेहमीप्रमाणे आधी अंगठ्याने टायर दाबला. "हवा कमी आहे रे, भर." अण्णांच्या हिशोबात टायर दगडासारखा कडक हवा. मी त्यांना सांगितलं की रेसिंगच्या बारीक टायरला ९०-१०० पीएसआय लागते, याला पस्तीस-चाळीसच ठेवायची. टायर खडीवर दबला पाहिजे, तरच पकड मिळते आणि हात-मनगटं वाचतात. अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ती सायकल घेऊन ते रेतीबंदरच्या कच्च्या रस्त्यावर चक्कर मारून आले आणि म्हणाले, "ही आपल्या रस्त्यांची सायकल आहे." त्या वाक्यावर आमचा आजचा व्यवसाय उभा आहे.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात खडीच्या रस्त्यांवर २००६ पासून मोठी शर्यत होते आणि २०२२ मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा इटलीत झाली, हे मी नंतर वाचलं. पण मुरमाचा रस्ता, गाडीवाट, खाडीचं पाणी अडवणारे खारबांध हे तर आमच्याकडे आधीपासून आहेत. नवी मुंबईच्या इमारती संपल्या की अर्ध्या तासात हे सगळं सुरू होतं. ते लोकांना दाखवायचं, चांगल्या सायकली द्यायच्या, सोबत जायचं, असं ठरवून २०१८ च्या दसऱ्याला मी नोकरी सोडली. पीएफमधून चार सायकली घेतल्या. हिशोब बायकोने हातात घेतला आणि आजही तिच्याकडेच आहे.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट लिहिलीच पाहिजे.

जानेवारी २०१९ मधला रविवार होता. आम्ही नऊजण उरण तालुक्यातल्या एका खारबांधावर गेलो. काही सायकली आमच्या, काही लोकांच्या स्वतःच्या. मी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा बघून वाट ठरवली होती, आठवड्यापूर्वी एकदा जाऊनही आलो होतो. बांध म्हणजे मातीचा उंचवटा. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला तिवरांची झाडी आणि खाडी. साडेआठला आत गेलो, शेवटच्या उघाडीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत, पोचलो, फोटो झाले. परत फिरलो तर मधेच बांधाला पडलेल्या जुन्या खांडीतून, म्हणजे भगदाडातून, पाणी आत घुसलं होतं. जाताना जिथून सायकली उचलून कोरड्या पायांनी गेलो, तिथे आता मांडीएवढं पाणी, आणि त्याला ओढ. सोबत दोन मुली होत्या, एक साठीचे काका होते. माझ्या हातापायातलं बळ गेलं.

पलीकडे एक म्हातारे आगरी बाबा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी ओरडून सांगितलं, "जागचं हलू नका. उद्या पुनव हाय, पानी चरनार. तिथ नय बगितली?" दीड वाजेपर्यंत आम्ही त्या बांधावर बसून होतो. पाणी उतरलं तसे तेच बाबा येऊन हात धरून एकेकाला पलीकडे घेऊन गेले. त्या दिवशी मी कुणाकडूनही पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटा बाबांकडे गेलो. त्यांनी मला जो हिशोब शिकवला त्यावर आमचं वर्षाचं वेळापत्रक चालतं. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ अंदाजे निघते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी ओहोटी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढतच नाही. पुनव-अवसेला मात्र उधाण, आणि भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे रविवारी सकाळी फिरायला गेलेला माणूस परतायच्या नेमक्या वेळेला. खाडीच्या आतल्या भागात पाणी आणखी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरून चालायचं. आता मी भरतीचं छापील कोष्टकही बघतो, पण आधी तिथी.

म्हणजे तो बांध जागच्या जागी असला तरी तिथला रस्ता महिन्यातले काहीच दिवस असतो. हे मला तिथे कळलं, आणि मग इतर वाटांकडेही मी तसंच बघायला लागलो.

खारबांध फक्त सप्तमी ते दशमी, आणि तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उधाणाच्या रविवारी आम्ही उलट नेरूळच्या तळ्यांकडे जातो. कारण भरतीला खाडीतली चिखलाची मैदानं पाण्याखाली गेली की रोहित पक्षी उठून टीएस चाणक्य, एनआरआय, डीपीएस या बाजूच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. ओहोटीला जाल तर लांबवर गुलाबी रेघ दिसेल आणि माणसं हिरमुसून परततील. ऐरोलीहून पक्षी बघायला सुटणाऱ्या बोटीसुद्धा भरती बघूनच सुटतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. तिथे आमचा नियम कडक आहे: सायकलीवरून शंभर पावलं आधी उतरायचं, पाण्याच्या कडेला जायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. पक्षी उडवून फोटो मागणाऱ्या एका ग्रुपला मी अर्ध्यातून परत आणलं आहे. पैसे बुडाले, पण त्याची खंत नाही.

पावसाळ्यात खाडीकडे फिरकायचं नाही. तेव्हा पनवेलहून नेरे, गाढेश्वर धरणाच्या बाजूने धोदाणी. समोर माथेरानचा डोंगर, एका अंगाला प्रबळगड, दोन्ही ढगात. डांबरी रस्ता सोडून शेतांच्या कडेच्या गाडीवाटा आम्ही तिथल्या लोकांना विचारून जोडत नेल्या. धोदाणीतून माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे पायवाट चढते. गावातल्या बाया डोक्यावर भाजी घेऊन ती चढून वर विकायला जातात. त्यांच्यातल्याच एका मावशींकडे आमचा नाश्ता असतो, तांदळाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. भाव मावशीच ठरवतात, आम्ही घासाघीस करत नाही. ओढ्याला गढूळ पाणी आलं की तिथूनच माघारी, मग गिऱ्हाईक कितीही नाराज होवो.

माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मार्ग मात्र शिरढोण-कर्नाळा-चिरनेर. शिरढोणला वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला, ४ नोव्हेंबर १८४५. तिथून कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका डावी-उजवीकडे सरकत सोबत राहतो. चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. आपल्याच रानातलं लाकूड तोडायला बंदी, म्हणून हजारो शेतकरी, आदिवासी कोयते-कुऱ्हाडी घेऊन निघाले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. रस्त्याने जाऊन हुतात्मा स्मारक बघणं वेगळं आणि त्याच रानाच्या कडेने मुरमावरून घामाघूम होऊन तिथे पोचणं वेगळं. माळाखाली सायकली आडव्या टाकून लोक आपोआप गप्प होतात. परतताना जासईला थांबतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये इथे शेतकऱ्यांनी प्राण दिले. आम्ही राहतो ते शहर कुणाच्या शेतांवर उभं आहे, हे नवी मुंबईत वाढलेल्या मुलांना मी तिथे उभं राहून सांगतो.

२०२० मध्ये सहा महिने सगळं ठप्प झालं. नंतर इतक्या लोकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या की दुकान दुरुस्तीवर तरलं. आज आमच्याकडे चौदा सायकली आहेत, दोन मुलं पूर्ण वेळ कामाला आहेत. अण्णा ८१ वर्षांचे आहेत आणि रोज दहा ते एक दुकानात बसतात. खाऱ्या चिखलातून आलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, बेअरिंगचे छर्रे काढून नवीन ग्रीस भरायचं, हा त्यांचा दंडक आहे. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर चेन तांबूस होते. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ औषध, आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेही तेच हलवून ऐकतात आणि सांगतात, "याच्यात काही उरलं नाही."

वाटा मात्र कमी होत आहेत, याचं दुःख मोठं आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचं पात्र वळवलं गेलं. अटल सेतू झाल्यावर आमच्या दोन गाडीवाटांवर डंपर सुरू झाले, त्या आम्ही सोडून दिल्या. एका पाणथळीच्या काठी रात्रीत बांधकामाचं डेब्रिज पडलेलं मी स्वतः पाहिलं आहे. तक्रार केली, अजून तिथेच आहे. गावाला पक्का रस्ता हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आजारी माणसाला मुरमावरून दवाखान्यात नेणं काय असतं ते या गावांनी भोगलं आहे. पण भरतीचं पाणी तळ्यात येण्याची वाट बुजवून कुणाचं भलं होतं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या आधी नवी दिनदर्शिका येते. बायको आणि मी ती जमिनीवर पसरून बसतो. भांगाच्या रविवारांना हिरवी खूण, उधाणाच्या रविवारांना लाल, आणि मग बुकिंग घ्यायला सुरुवात. पागवाले बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. आता त्यांचा मुलगा बांधाची खबर देतो. परवा त्याचा फोन आला, की खांड गावाने श्रमदानाने बुजवली आहे, पण माती अजून ओली आहे. शनिवारी अण्णांना मागे बसवून मोटारसायकलने जाऊन बघून येणार आहे.