किती दिवस घासलंत?

मी घडवलेलं दगडी पातं हातात घेऊन, बोटाच्या पेराने जपून चाचपून, बघणारा हमखास विचारतो, ‘किती दिवस घासलंत हो?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो: धारेसाठी एकदाही नाही.

चकमकीचा दगड किंवा ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीतली नैसर्गिक काच, आतून एकजिनसी असतो. लाकडासारखे धागे नाहीत की पाटीच्या दगडासारखे पदर नाहीत. त्यामुळे तडा घावाच्या कलाने जातो. जाड काचेवर छर्रा बसला की मागून शंकूसारखा टवका उडतो ना, तसाच. आम्ही काठावर घाव घालतो, म्हणून त्या शंकूचा एक तुकडाच सुटतो. या छिलक्याच्या अंगावर शिंपल्यासारख्या लाटा असतात. भूशास्त्रात याला शंखाभ भंग म्हणतात. छिलका सुटला की त्याच्या कडेला धार तयारच. ऑब्सिडियनची तर पोलादी स्काल्पेलहून, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीहून, बारीक. डॉन क्रॅबट्री या अमेरिकी कारागिराने आपल्याच शस्त्रक्रियेसाठी स्वतः घडवलेली पाती दिली होती!

केनियात लोमेक्वीला सापडलेली ३३ लाख वर्षांपूर्वीची ओबडधोबड हत्यारंही फोडूनच केलेली. घासलेल्या गुळगुळीत कुऱ्हाडी नवाश्मयुगात सर्रास दिसतात, आणि संग्रहालयात त्याच नजरेत भरतात. तुमचा प्रश्न बहुधा तिथूनच आला असावा. घासलेली धार झाड तोडायला टिकाऊ. कातडं कापायला मात्र ताजा छिलका.

खरी मेहनत कोन शोधण्यात जाते. जिथे घाव घालायचा तिथला कोन नव्वद अंशांच्या आत हवा, नाहीतर दगड नुसता ठणकतो. आधी गोट्याने मोठे टवके, मग शिंगाच्या हातोडीने पातळ छिलके, शेवटी शिंगाचं टोक दाबून बारीक दाते. आणि तासभर सगळं जमल्यावर एका चुकार घावाने पातं मधोमध दुभंगतं. दुभंगलेल्या पात्यांचा माझ्याकडे चांगला ढीग आहे.

थोडं घासतो, कबूल. पण ते काठ बोथट करायला. पातळ काठावर घाव बसला तर त्याचा चुरा होतो, जोर आत पोचतच नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या घावाआधी तो खरखरीत दगडावर घासायचा. तेव्हा उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करू शकते, म्हणून उघड्यावर, मास्क लावून बसतो. घाव एका क्षणात संपतो, घासणं मात्र चालूच असतं. लांबून बघणाऱ्याला मी घासतानाच दिसतो.