बँकॉकची वारी आणि हॉटेलचं 'वरचं' सदस्यत्व

मुंबईहून रात्री निघालं की बँकॉकला पहाटेच उतरतो. सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासन, तिथून चालत पेच्चबुरी मेट्रो आणि पुढचंच स्टेशन सुखुमवित. सकाळच्या वेळी टॅक्सीच्या नादी लागू नका.

हॉटेल तिथेच असोक चौकाजवळ, एका बड्या साखळीचं. त्यांचं वरच्या श्रेणीचं सदस्यत्व माझ्याकडे आहे, म्हणजे वर्षभरात ठरावीक रात्री त्यांच्याकडे राहिलं की मिळणाऱ्या सवलती: जादा पैसे न देता मोठी खोली (अपग्रेड), सदस्यांसाठीचं लाउंज वगैरे. अॅपवर स्वीट (वेगळी बैठक असलेल्या मोठ्या खोल्या) विक्रीला दिसत होते, काउंटरवर मात्र 'अपग्रेड शिल्लक नाही'. लगेच तोच स्वीट जादा पैसे भरून घ्या म्हणत टॅबलेट पुढे सरकवला. मला हे फार लागलं. नियमांत 'उपलब्ध असल्यास' असं असतं खरं, पण उपलब्ध काय ते हॉटेलच ठरवणार! संध्याकाळी लाउंजच्या दारात रांग, आत बसायला जागा नाही, स्प्रिंग रोलचा ट्रे भरला की मिनिटभरात रिकामा.

गर्दीचं एक मोठं कारण म्हणजे क्रेडिट कार्डं, ज्यांवर न राहताच श्रेणी मिळते. आपल्याकडे 2023 मध्ये आलेल्या एचडीएफसीच्या मॅरियट (हॉटेल साखळी) कार्डावर सिल्व्हर श्रेणी आपोआप मिळते. अमेरिकेत तर काही कार्डांवर याहून वरच्या श्रेणी मिळतात. मग कंपन्या वर आणखी एक पायरी चढवतात: हिल्टन साखळीने 2026 पासून डायमंड श्रेणीच्या वर डायमंड रिझर्व्ह आणलं, त्यासाठी वर्षाला 80 रात्री (किंवा 40 मुक्काम) आणि शिवाय 18,000 डॉलर खर्च. अमेरिकेतल्या हॉटेलांत गोल्ड-डायमंडवाल्यांचा फुकट नाश्ता त्यांनी 2021 मध्येच काढून त्याऐवजी खाण्यापिण्याचं क्रेडिट सुरू केलं. वर्षानुवर्षं एकाच साखळीत राहणाऱ्यांवर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा श्रेणी टिकवण्यासाठी डिसेंबरात वर्षाच्या रात्री 'पुऱ्या करायला' खोल्या बुक करू नका. जी खोली हवी तीच घ्या, नाश्त्यासह आणि नाश्त्याविना असे दोन्ही दर ताडून पाहा. लाउंज चालू आहे का, हे आधी ईमेलने विचारा. उत्तर लेखी हाताशी असलं की काउंटरवर बोलता येतं. एक सवलत मात्र अजून दमदार आहे: मॅरियटच्या प्लॅटिनम श्रेणीच्या सदस्याला निघायच्या दिवशी दुपारी 4 पर्यंत खोली ठेवता येते. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत तिची हमी नाही, पण परतीचं विमान रात्रीचं असेल तर तिच्यासाठी जरूर भांडा.

नाश्ता बाहेरच करा. गाडीवरचं गरमागरम जोक, म्हणजे तांदळाची पेज, पोटभर होतं. जेवायला असोकच्या टर्मिनल 21 मॉलमधलं पिअर 21 फूडकोर्ट. फूडकोर्टच्या कार्डात पैसे भरून घ्यायचे आणि उरलेले निघताना काउंटरवरून परत घ्यायचे.