आजोबांच्या घराच्या तुळया आणि लुईच्या खुर्च्या

घाटंजी तालुक्यातलं आमचं जुनं घर मागच्या उन्हाळ्यात पाडलं. कवेलू गेले, माती गेली, राहिल्या सागवानाच्या चार तुळया न थोडे फाटे. घरचे म्हणे विकून टाक, भाव चांगला येईल, पण माझ्या डोक्यात कधीपासून त्या फ्रेंच खुर्च्या बसलेल्या, पंधराव्या लुईच्या काळातल्या (१७१५ ते १७७४), पाय कसे वळण घेत खाली येतात, हात बाजूंनी उघडे, पाठीवर एखादं फूल. म्हटलं दोन करूनच पाहू.

पहिलं काम कागदाचं. सागवान घरचं असलं, जुनं असलं तरी आरामशीनवाला आधी लाकूड कुठून आलं त्याचा कागद मागतो. पाडायच्या आधी घराचे फोटो काढून ठेवले होते ते कामी आले, तरी तीन चकरा झाल्याच, एकदा साहेब नाही, एकदा शिक्का नाही. कोणाला करायचं असेल तर घर पाडायच्या आधीच चौकशी करून घ्या.

मग खिळे. वर डोकं दिसत नाही, आतच तुटून बसलेले असतात, पण लाकूड जिथे काळं पडलंय तिथे लोखंड आहे असं समजायचं, न वरून चुंबक फिरवायचं. मोजून ४१ काढले. ४२ वा आऱ्याच्या पात्याने शोधला, पात्याचे पैसे मी भरले.

खरी गंमत सुतारकाकांकडे. त्यांची हयात वखर, बंड्या (बैलगाड्या) न दारं-चौकटी करण्यात गेली. पुठ्ठ्यावर कापलेला पायाचा नमुना त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला न म्हणाले, "ताई, चांगलं सरळ लाकूड हाये, त्याले वाकडं कायले करता?" मी म्हटलं वाकवायचं नाही काका, कापून काढायचं. मग तर जास्तच नाराज झाले, कारण ३ इंची ठोकळ्यातून असा एक पाय काढला की निम्म्याच्या वर लाकूड भुशात न ढलप्यात जाते, आणि ते सागवान त्यांच्या आज्याने तासलेलं. त्यांचं चुकीचं नव्हतं खरं तर, मलाही दोन दिवस झोप नाही लागली.

पहिला पाय कानस मारता मारता घोट्यापाशी मोडला. मी लाकूड वाचवायच्या नादात नमुना तिरपा बसवला होता, म्हणून बारीक जागेवर लाकडाच्या रेषा आडव्या आल्या. काका आधीच म्हणाले होते, "तिथून मोडन." त्यानंतर निवड त्यांच्याच हाती दिली. वखराची बाभूळ निवडताना ते बघायचे तसंच, तुळईत गाठीजवळ रेषा आपणहून वळल्यात ते तुकडे शोधून काढले, वळण लाकडाचंच, आपण फक्त त्याच्या मागे जायचं. आठ पाय निघायला तीन तुळया लागल्या.

पॅरिसमध्ये तेव्हा या खुर्च्या बहुतेक बीच नाहीतर अक्रोडाच्या असत, सांगाडा करणारे वेगळे, गादी भरणारे वेगळे. आपलं सागवान तेलकट, म्हणून सांधे आधी थिनरने पुसले न लगेच ग्लू लावला, वरून बांबूच्या खुंट्या. कुसवातलं, म्हणजे खाचेत घुसणाऱ्या टोकातलं, भोक केसभर सरकवून पाडलं की खुंटी ठोकल्यावर सांधा आपोआप आवळतो, हे काकांना मी सांगायची गरजच नव्हती. हाताचे खांब मात्र पुढच्या पायावर न घेता मागे का घ्यायचे हे त्यांना पटेना. सांगितलं, तिकडच्या बायकांचे घागरे लई फुगीर असायचे, बसताना अडायला नको. काका म्हणे, "मंग नऊवारीलेही बरंच हाये."

बैठकीला निवार घट्ट विणून घेतली, त्यावर काथ्या, त्यावर आमच्याच शेतातला पिंजलेला कापूस. गादीवाल्याने आधीच सांगितलं, नुसता कापूस भरला तर महिन्यात बसतो, म्हणून काथ्या जास्त न कापूस फक्त वरून.

पॉलिश लाखेचं. आपल्याकडे त्याला फ्रेंच पॉलिशच म्हणतात, पण लुईच्या वेळी मेण, रंग नाहीतर सोन्याचा वर्ख चालायचा, हे पॉलिश नंतरचं. घाई करून श्रावणात लावलं तर हवेतल्या ओलीने त्यावर पांढरी झाक आली, धुकं बसल्यासारखी. पुसून काढलं, दिवाळीपर्यंत थांबलो, मग बोळ्याने पातळ पातळ हात दिले.

काकांचे एकूण २६ दिवस, ८०० रुपये रोज, म्हणजे २०,८०० फक्त मजुरी. यात शोरूमची खुर्ची आली असती हे मला घरात रोज ऐकवतात. दुसऱ्या खुर्चीची निवार अजून बाकी आहे.

उरलेल्या तुकड्यांतून काकांनी न विचारता तीन पाट करून आणले. एकदम सरळ.