पानं गळायच्या आधी पडलेला बर्फ

बर्फ बघायचाय हा हट्ट मीच धरला होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. २०१८ ची दिवाळी, काश्मीर, ट्रॅव्हलवाला म्हणालेला की गुलमर्गला वर गेलात तर थोडाफार दिसेल, खाली काही मिळणार नाही. आणि ३ नोव्हेंबरला, शनिवारी, पहलगामच्या रस्त्यावर सफरचंदाच्या बागेला लागून असलेल्या एका घरात आम्ही उतरलो होतो तर खालीच सुरू झाला, आधी पाऊस, मग गारठा, मग मोठ्ठे ओले पुंजके. आम्ही येड्यासारखे अंगणात फोटो काढतोय, आईला व्हिडिओ कॉल लावतोय आणि घरमालक चाचा मात्र लांब काठी घेऊन बागेत पळाले. मला वाटलं कुत्रंबित्रं शिरलं असेल.

नंतर कळलं. तिकडचा खरा कडाका म्हणजे चिल्लई कलां, २१ डिसेंबरपासून ४० दिवस, तोवर झाडं पार उघडी झालेली असतात, बर्फ बराचसा फांद्यांमधून खाली जातो. नोव्हेंबरात पानं अजून झाडावरच, काही झाडांवर तर फळंसुद्धा. प्रत्येक पान म्हणजे एक छोटी बशी. त्यात हा आधीच आलेला बर्फ भुसभुशीत नसतो, हवा तेवढी थंड नसते ना, म्हणून पाणीदार आणि चिकट, मूठभर उचलला तरी जड लागतो. चाचा आणि त्यांचा मुलगा काठीने फांद्या हलवत पुढे गेले की मागची ओळ परत पांढरी. मीही तासभर हलवल्या, निम्मा बर्फ माझ्याच कॉलरमध्ये.

रात्री लाइट गेली (जाणारच होती), आम्ही सगळे कांगडी (वेताच्या टोपलीतली निखाऱ्यांची छोटी शेगडी) घेऊन बसलो आणि बाहेरून कडाड्‌ कडाड्‌ आवाज येत राहिले. दर आवाजाला चाची नुसती मान वर करायची. बोललं कुणीच नाही.

सकाळी पहिलंच झाड बेचक्यात उभं फाटलेलं, आतलं लाकूड ओलं पिवळसर, अर्धा भाग जमिनीवर आणि त्याला लाल सफरचंदं तशीच लटकलेली. अशा झाडाला धड फळ यायला आठ-दहा वर्षं जातात. हायवे बंद, त्यामुळे आम्हीही तिथेच. कालचे फोटो कुणाला पाठवायची इच्छाच झाली नाही.

बागेच्या कडेला एक वठलेलं झाड होतं, चाचा दरवर्षी तोडायचं म्हणायचे आणि राहून जायचं. एकही पान नव्हतं त्याला. ते मात्र जसंच्या तसं उभं होतं.